थर्माकोलवर टोचलेला माणूस

फ्रीजबरोबर आलेला थर्माकोल
मी टाकू दिला नाही.
जेल रोडच्या या घरात, शिलाई मशीनच्या मागे
उभा केला खिडकीपाशी
आणि म्हटलं, यावर आधी दिसू दे कादंबरी,
मग लिहू.

पहिली टाचणी: ओझरच्या द्राक्षपेटीचं लेबल,
एका कोपऱ्याला रस सुकून कडक झालेलं.
मग रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड,
त्यातला एकच हिरवा कापून घेतला,
उन्हाळ्यात गोदेवर पाणवेली माजतात तो.
कंपनीने त्याला भलतंच गोड नाव दिलंय.
भांडी बाजारातल्या तांब्याच्या हंड्याचा फोटो,
काढताना हात हलला, म्हणून बरा आलेला.
बसचं तिकीट, निमाणी ते सातपूर.

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते,
पोस्टाच्या तिकिटांना भोकं पाडणाऱ्या मशीनवर, एकतीस वर्षं.
म्हणायचे, कागद कुठून फाटणार
हे आधी ठरवून ठेवायचं असतं बाई,
नाहीतर तो आपल्या मनाने फाटतो.

आणि मग बुधवारच्या बाजारात, नदीकाठी,
गंजक्या कड्या-कुलपांच्या शेजारी
एक अल्बम. वीस रुपये.
आत एकच फोटो उरलेला, बाकी नुसते काळे कोपरे.
माणूस चाळिशीचा,
स्टुडिओतल्या रंगवलेल्या धबधब्यापुढे,
हातात मिटलेली छत्री
आणि एका बुटाची नाडी सुटलेली.
त्या नाडीसाठी घेतला मी.

सहा महिने नुसती हलवाहलव.
हिरव्याशेजारी उभा केला तर विधुर वाटायचा,
हंड्याशेजारी, तर बहिणीचं सोनं गिळून बसलेला.
बसच्या तिकिटाखाली खोचला
की घरी न सांगता निघालेला.
दुपारी देवळालीकडून तोफांचा सराव ऐकू यायचा,
टाचण्या थरथरायच्या,
वाटायचं, आता बोलेल.
वहीत मात्र तारीख. तारखेखाली रेघ.
रेघेखाली काही नाही.
नणंद आली, लांबून बघत म्हणाली,
मखर छान झालंय वहिनी,
गणपती कधी बसवताय?

परवा मीटर बघायला गांगुर्डे आले.
मीटर आत आहे, मशीनला वळसा घालून जावं लागतं.
आकडा टिपता टिपता थांबले,
बॅटरी फोटोवर मारली.
"अहो, हे तर आमच्या एकलहऱ्याचे..."
"नाव नका सांगू."
माझाच आवाज, पण मला ओळखू येईना.
उघडलेलं तोंड त्यांनी तसंच ठेवलं थोडा वेळ,
मग मिटलं.
एकशे बेचाळीस युनिट, म्हणाले.
आणि दारात चप्पल शोधताना, माझ्याकडे न बघता,
"माणूस चांगला होता पण."

होता.
आणि तो शेवटचा पण.
त्यांच्या मागे दार लावलं तरी
पण आतच राहिला, पंख्याखाली.

फोटो काढून घेतला.
ज्या ज्या जागी त्याला उभा केला होता
तिथे तिथे चार-चार भोकं,
सगळ्या थर्माकोलभर.
बाबा असते तर बोट फिरवून पाहिलं असतं,
म्हणाले असते, वाकडी पडलीत, पण पडलीत.

फोटो ठेवला बॉबिनांच्या डब्यात, पालथा.
एकलहऱ्यात कुणाला तरी तो नावानिशी आठवतो,
त्यांचा त्यांना असो.
माझा अजून वाकून नाडी बांधतोय.

रात्री रेघेखाली लिहिलं:
निमाणीवर उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं,
छत्री घरीच राहिली.

छत्री?
ती तर हातात आहे त्याच्या, मी सहा महिने बघतेय.
खोडायला पेन टेकवलं
आणि तेवढ्यात बाहेर
त्याच्या अंगावर पहिले थेंब पडायला लागले.